बंपरची मागची बाजू

पत्र्यावरचा रंग जुना झाला की फिका पडतो, त्याची चमक जाते, फार तर खालून गंज वर येतो. बंपरचा रंग तसा जात नाही, तो सुटतो. धुलाई सेंटरवर पाण्याचा जोराचा फवारा बसतो, हाताएवढा पापुद्रा निघून येतो आणि खालचं काळं प्लास्टिक उघडं पडतं. गाडीवाला धुणाऱ्या पोरावर ओरडतो. पोराचा काही दोष नसतो. तो रंग मारला त्या दिवसापासूनच सुटलेला असतो, नुसता जागेवर थांबलेला असतो.

नागपूरच्या सदरमध्ये मंगळवारी बाजाराच्या मागच्या एका गल्लीत माझं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे. दुकानात येणाऱ्या कामांत निम्मी कामं बंपरचीच. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. रेसिडेन्सी रोडवर उड्डाणपुलाच्या खांबांच्या कडेने गाडी काढायची, बाजारात दोन ठेल्यांच्या मधून वळवायची, दुकानासमोर उभी करताना मागच्या स्कूटरचं हँडल सांभाळायचं. पहिला मार कोपऱ्यालाच बसतो. तो मार खाण्यासाठीच बंपर लवचिक केलेला आहे. दबतो, परत बाहेर येतो. त्याच्यावरच्या रंगालाही त्याच्यासोबत दबून परत येता आलं पाहिजे. सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांच्या काळात बंपर रंगवायचा नसायचाच. अ‍ॅम्बेसिडर आणि पद्मिनीचा बंपर म्हणजे क्रोम चढवलेलं लोखंड. वाकला तर ठोकून सरळ करा, चकाकी गेली तर प्लेटिंगला पाठवा. नंतर मारुती रस्त्यावर आली, तिच्या काळ्या बंपरलाही कुणी रंग लावत नव्हतं. बाहेरच्या देशांत ही गोष्ट बरीच आधी सुरू झाली होती. अमेरिकेत १९६८ च्या पॉन्टियाक जीटीओला पुढचा बंपर गाडीच्याच रंगाचा आणि लवचिक होता, आणि फ्रान्समध्ये १९७२ साली रेनॉ ५ प्लास्टिकचे बंपर घेऊन आली. आपल्याकडे नव्वदीच्या शेवटी-शेवटी बॉडी कलरचे बंपर सर्रास दिसू लागले आणि पत्र्यावर हात बसलेल्या माणसांसमोर एकदम प्लास्टिक येऊन पडलं. उस्तादांना पत्रा असा कळायचा की डोळे मिटून नुसता तळहात फिरवला तरी दबलेली जागा सांगत. पण पत्र्याची पुट्टी, पत्र्याचा प्रायमर, पत्र्याचा थिनर हे सगळं जसंच्या तसं प्लास्टिकवर गेलं. त्या वेळी सगळेच तसं करत होते. शहरात आजही कितीतरी ठिकाणी तसंच चालतं.

मागच्या उन्हाळ्यात शाळेत शिकवणाऱ्या एक ताई पांढरी हॅचबॅक घेऊन आल्या. पुढचा बंपर दुसरीकडून रंगवून घेतला होता, दिवाळीनंतर कधीतरी. उजव्या कोपऱ्यावर रुपयाएवढा रंग उडाला होता. म्हणाल्या, "भाऊ, इथे थोडं टचिंग करून द्या, बस." मी मास्किंग टेपचा तुकडा त्या जागेच्या कडेला घट्ट दाबला आणि एका झटक्यात ओढला. टेपसोबत वीतभर रंग निघून आला, खालचा प्रायमरसुद्धा. त्याची मागची बाजू गुळगुळीत होती, कुठे ओरखडा नाही, कुठे दाणा नाही. म्हणजे खालचं प्लास्टिक घासलंच नव्हतं. मी तो पापुद्रा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "म्हणजे हा सगळाच असा निघेल?" निघणार होता. मी म्हटलं, "ताई, टचिंग करून देईन, पैसेही घेईन, पण दोन महिन्यांनी त्याच्या बाजूचं निघेल. बंपर उतरवून सगळा साफ करू द्या."

बंपर उतरवला की मी आधी त्याला उलटा करतो. आतल्या बाजूला कुठेतरी साच्यातच उमटवलेली अक्षरं असतात. त्या बंपरवर होतं पीपी+ईपीडीएम-टीडी१०. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेलं रबर, ज्यामुळे मार खाऊनही तो फुटत नाही, आणि टीडी१० म्हणजे दहा टक्के टाल्क, ज्यामुळे त्याला थोडा ताठपणा येतो. आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर याच जातीचे. जाळीवर किंवा पट्टीवर एबीएस लिहिलेलं असतं, ते वेगळं प्लास्टिक. त्यावर रंग सहज धरतो, पण कडक थिनर लागला तर ते विरघळायला लागतं. अक्षरं वाचल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हे दुकानातल्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो. अक्षरं घासली गेली असतील तर आतल्या बाजूने बारीक कात्रण काढून पाण्यात टाकतो. पीपी बहुधा तरंगतं, एबीएस बुडतं.

पॉलिप्रॉपिलीन १९५४ साली इटलीत ज्युलिओ नाटा यांनी बनवलं आणि त्या कामासाठी १९६३ चं नोबेल त्यांना जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांच्यासोबत मिळालं. स्वस्त, हलकं, पाण्याला आणि बॅटरीच्या अ‍ॅसिडलाही न जुमानणारं. पण ज्या गुणामुळे त्याच्यावर काही चिकटत नाही, त्याच गुणामुळे रंगही चिकटत नाही. कारखान्यात बंपरवरून क्षणभर गॅसची ज्योत फिरवतात, म्हणजे वरच्या थरात ऑक्सिजन बसतो आणि रंगाला धरायला जागा होते. आमच्यासारख्या दुकानात ते काम डब्यातल्या पीपी प्रायमरने होतं. काही लोक त्याला अ‍ॅडहेजन प्रमोटर म्हणतात. त्यातली क्लोरिनयुक्त राळ एका अंगाने पीपीत रुतते आणि दुसऱ्या अंगाने वरच्या रंगाला धरते. डबा लहान असतो, महाग असतो, आणि मारल्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणूनच तो सगळ्यात आधी गाळला जातो.

पण पीपी प्रायमरच्याही आधी धुलाई आहे, आणि माझ्या मते खरं काम तेच.

नवा, कच्चा काळा बंपर साच्यातून सुटावा म्हणून साच्याला तेलकट पदार्थ लावलेला असतो. तो बंपरवर राहतो आणि दिसत नाही. उन्हात किंवा दिव्याखाली बंपर गरम केला की हा चिकटा वर येतो. मग गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि राखाडी स्कॉचब्राइट. पुढून, मागून, कडांच्या आत, धुक्याच्या दिव्याच्या खाचेत, नंबर प्लेटच्या खाली. जुन्या बंपरवर वेगळं संकट असतं: डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश. त्यातलं सिलिकॉन उडून बंपरवर बसतं आणि रंग मारला की जागोजागी बारीक डोळे पडतात, रंग तिथून मागे सरकतो. एकदा डोळे पडले की घासून परत सुरुवात.

त्या पांढऱ्या बंपरवर आमचा नवा पोरगा घासत बसला होता. कळमेश्वरकडच्या एका गावातून येतो, हात चांगला आहे. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, झालं. साफ दिसून राहिलं."

"दिसून राहिलं, पण पाणी टाकून पाह्य."

त्याने मग्याने वरून पाणी सोडलं. मधल्या भागावरून पाणी एकसारखी चादर होऊन उतरलं. डाव्या कोपऱ्यात, चाकाच्या कमानीजवळ, त्याचे थेंब झाले आणि थेंब बाजूला पळाले. तिथे अजून चिकटा होता किंवा घासणी पोहोचली नव्हती. मी काही बोललो नाही. त्याने स्कॉचब्राइट उचललं आणि परत त्या कोपऱ्यात बसला. पुढच्या वेळी पाणी सगळीकडून सारखं उतरलं. हे त्याला मी शंभर वेळा सांगून कळलं नसतं, पाण्याने एकदाच दाखवलं.

घासायच्या कागदातही पत्रा आणि प्लास्टिक वेगळे. पत्र्यावर ८० नंबरचा कागद चालतो, पीपीवर तो मारला की प्लास्टिकचे केसासारखे तंतू उभे राहतात आणि रंगानंतरही बोटाला लागतात. मशीन जोरात दाबलं तर प्लास्टिक गरम होऊन वितळतं. जुन्या, पक्क्या रंगाला ३२० किंवा ४००, प्रायमरवर ओल्याने ६०० ते ८००, कच्च्या प्लास्टिकवर स्कॉचब्राइटच. रंग काढायचं केमिकल बंपरवर कधी लावायचं नाही, ते रंगासोबत प्लास्टिकही खातं. ताईंच्या बंपरचा सगळा जुना रंग आम्ही पाण्याच्या फवाऱ्याने आणि प्लास्टिकच्या पट्टीने सोलून काढला. तेवढा तो सैल होता.

खालच्या ओठाला एक चीर होती आणि आतलं एक लॉक तुटलेलं. चीर पीपीच्या काडीने गरम हवेवर वेल्ड केली. काडी त्याच जातीची लागते, एबीएसची काडी पीपीला धरत नाही. वरून प्लास्टिकची लवचिक पुट्टी, तीही आधी पीपी प्रायमर मारूनच. पत्र्याची पुट्टी स्वस्त पडते आणि घासायला सोपी जाते, म्हणून लोक तीच भरतात. ती दगडासारखी कडक होते. बंपर पहिल्यांदा दबला की तिला तडा जातो आणि तो तडा वरच्या रंगात उमटतो. रंगाचे थरही जितके जाड, तितकी तड्याची भीती जास्त. काही गिऱ्हाइकांना वाटतं चार कोट मारले म्हणजे काम मजबूत. बंपरवर पातळ आणि पुरेसं हेच मजबूत. प्रायमर आणि वरच्या पारदर्शक लॅकरमध्ये लवचिकपणासाठी फ्लेक्स अ‍ॅडिटिव्ह घालतो तेही कंपनीच्या तक्त्याप्रमाणे, अंदाजाने नाही. जास्त झालं तर लॅकर नरमच राहतो आणि बफिंग घेत नाही.

रंगापेक्षा नागपूरचं हवामान मला जास्त सांभाळावं लागतं. डब्यावर लिहिलेल्या सगळ्या वेळा वीस-पंचवीस अंशांच्या हिशेबाने असतात. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारी पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. गनमधून निघालेला रंग बंपरवर पोहोचेपर्यंत अर्धा वाळतो, आणि नीट पसरायच्या आत बसला की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. म्हणून मे-जूनमध्ये गन सकाळी आठच्या आत चालते. थिनर हळू वाळणारा घेतो, हार्डनरही हळू काम करणारा. आधी जमिनीवर पाणी मारून धूळ बसवतो. आणि कूलर बंद! हे पोरांना जड जातं. घामाच्या धारा लागलेल्या असतात, पण कूलरच्या हवेत पाणी असतं आणि त्याच्या खसच्या ताट्यांचे तुकडेही. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. दर सकाळी खालचा नळ उघडून ते काढलं नाही तर लॅकरमध्ये पाण्याचे ठिपके येतात. कापडाने कोरडं पुसायचंही नाही. कोरडं पुसलं की प्लास्टिकवर वीज साठते आणि ते धूळ ओढून घेतं. म्हणून शेवटचा हात अँटिस्टॅटिक क्लीनरचा, मग धूळ टिपणारं चिकट कापड म्हणजे टॅक रॅग, मग पीपी प्रायमर, दहा-पंधरा मिनिटं, आणि मग लगेच पुढचा थर.

वाळवताना बंपर दोन टोकांना टेकवून ठेवला तर मधून झुकतो. गरम प्लास्टिकला स्वतःचं वजन पेलत नाही. झुकलेला बंपर गाडीवर परत बसताना फेंडरशी फट सोडतो आणि मग दोष बसवणाऱ्याच्या माथी येतो. म्हणून आम्ही लोखंडी सळ्यांचं एक स्टँड करून घेतलं आहे, त्याला मधे तीन ठिकाणी आधार आहे. दिवा लांब ठेवायचा, साठ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही.

पांढरा रंग त्या मानाने सोपा. सिल्व्हर आला की माझी झोप जाते. सिल्व्हरमधले अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण ओल्या कोटात आडवे झोपतात की कोरड्या कोटात उभे-आडवे अडकतात, यावर रंग गडद की उजळ ते ठरतं. म्हणजे त्याच डब्यातला रंग दोन हातांनी दोन वेगळे रंग होतो. मी आधी कार्डावर मारून पाहतो आणि ते फेंडरला लावून उघड्या उन्हात बघतो, कडुलिंबाच्या सावलीत नाही. सावलीतला हिरवेपणा फसवतो. तरीही काही गिऱ्हाइकं म्हणतात, बंपर आणि बॉडीत फरक आहे. कितीतरी गाड्यांत हा फरक शोरूममधूनच आलेला असतो. बॉडीचा रंग कारखान्यात साधारण एकशे चाळीस अंशांवर भाजतात, बंपर तेवढं सोसत नाही म्हणून तो वेगळ्या रंगाने, ऐंशीच्या आसपास भाजतात. मी गाडी घेतानाच मागच्या बंपरजवळ उभं राहून तो फरक दाखवून ठेवतो. नंतर सांगितलं तर ते कारण वाटतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते ती सांगतो. लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारा मारताना ते बारीक धुक्यासारखं हवेत राहतं, त्याला असा वास नसतो की माणूस सावध होईल. त्याने दमा लागतो, आणि एकदा शरीराने ते ओळखलं की पुढे थोड्याशा वाफेनेही श्वास अडकतो. माझे उस्ताद आयुष्यभर नाकाला रुमाल बांधून फवारत होते. शेवटच्या वर्षांत त्यांना जिना चढताना मधे थांबावं लागायचं. कशामुळे, ते कुणी तपासलं नाही. दवाखान्यात खोकल्याचं औषध मिळालं आणि ते घरी आले. रुमालाने धूळ अडते, आयसोसायनेट अडत नाही. कोळशाच्या डबीचा मास्क बरा, पण तोही पुरेसा मानत नाहीत. बाहेरची स्वच्छ हवा नळीने तोंडावर देणारा मुखवटाच लागतो. मी तो घेतला, बंपरच्या कित्येक कामांचे पैसे त्यात गेले. सुरुवातीला पोरं म्हणायची, "काका, यात गुदमरल्यासारखं होते." मी सांगितलं, मुखवटा नाही तर गन नाही. फवारताना शेडमध्ये दुसरं कुणी थांबायचं नाही, चहावालाही नाही. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही आणि ऐकणार नाही. दर तासाला गाड्या मोजणाऱ्या मोठ्या वर्कशॉपमध्येही मी पोरांना उघड्या तोंडाने लॅकर मारताना पाहिलं आहे. ही पोरं विशीतली असतात. गाडीचा मालक चमक बघतो, मॅनेजर वेळ बघतो, पोराची छाती बघणारा तिथे कुणीच नसतो.

ताईंनी हिशेबाच्या वेळी विचारलंच, "भाऊ, रंग तर एका डब्याचा, बाकीचे पैसे कायचे?" मी बिलावर दोन ओळी लिहितो, तयारी आणि रंग. तयारीची रक्कम नेहमी मोठी असते. त्यांना मी तो टेपला चिकटलेला पापुद्रा परत दाखवला, जो मी भिंतीवर लावून ठेवला होता. त्या शिक्षिका असल्यामुळे असेल, पण त्यांनी मला पीपी प्रायमर कसा काम करतो ते दोनदा विचारून घेतलं. पैसे पूर्ण दिले. सगळेच देत नाहीत. समोरून येऊन दर विचारून निघून जाणारेही पुष्कळ. त्यांना अर्ध्या पैशांत करून देणारा पुढच्याच चौकात मिळतो, आणि त्यातले काही पुढच्या वर्षी पापुद्रे घेऊन माझ्याकडे येतात.

गाडी देताना एवढंच सांगतो की आठवडाभर जोराच्या फवाऱ्याने धुवू नका, पॉलिश महिनाभर लावू नका, पक्ष्याची विष्ठा पडली तर उन्हात वाळू न देता ओल्या कापडाने लगेच काढा.

अलीकडे नवं काम येऊ लागलं आहे. काही नव्या गाड्यांच्या बंपरमागे रडार असतं, पुढच्या गाडीचं अंतर मोजणारं. मागच्या बंपरमध्ये पार्किंगचे सेन्सर असतात. सेन्सरच्या तोंडावर रंगाचा जाड थर बसला तर तो नीट ऐकत नाही, आणि रडारसमोर पुट्टी भरली किंवा मेटॅलिकचे जास्त कोट मारले तर त्याचं माप चुकू शकतं. परवा अशीच एक गाडी आली. बंपर मधोमध दबलेला, नेमका रडारच्या समोर. मालक म्हणाले, "भाऊ, पुट्टी भरून सारखं करून टाका, नवा बंपर लई महाग आहे." मी बंपर उलटा करून त्यांना मागचा चौकोन दाखवला आणि म्हटलं की इथे मी पुट्टी लावणार नाही. ब्रेक लावायचा की नाही हे ही गाडी या जागेतून बघून ठरवते. नवा बंपर आणा, तयारी आणि रंग मी मन लावून करून देतो. ते जरा नाराज होऊन गेले. बंपर मागवला आहे, असा काल त्यांचा फोन आला.